बर्फाचें गांव निवडतांना

आपल्याकडे प्रवासाचें ठिकाण निवडण्याचा प्रश्न पूर्वीं फारसा उद्भवतच नसे. काशीस जावयाचें तें काशीसच आणि पंढरीस जावयाचें तें पंढरीसच. कुलदैवत ज्या डोंगरावर असेल त्या डोंगराची उंची कोणी मोजीत नसे, आणि तेथें जेवणाची सोय कशी आहे हेंही कोणी आधीं विचारीत नसे. फार तर मुलांच्या सुटींत कोंकणांतील आजोळ कीं घाटावरची आत्या, एवढाच काय तो विकल्प. परंतु जेथें देव नाहीं, आप्त नाहीं, कांहीं कामही नाहीं, अशा ठिकाणीं केवळ सुटी घालविण्यासाठीं दहा माणसांनीं मिळून जावयाचें ठरलें, म्हणजे निवडीचें ओझें कोणातरी एकाच्या डोक्यावर येतें. गेले तीन महिने हें ओझें आम्ही वाहत आहों. येत्या फेब्रुवारींत आमच्या घरचीं दहा माणसें फ्रान्स देशांतील आल्प्स पर्वतांत, ऐन बर्फाच्या दिवसांत, आठवडाभर राहणार आहेत; आणि कोणत्या गांवीं उतरावयाचें तें ठरविण्याचें काम कुटुंबानें आमच्याकडे सोंपविलें.

प्रथम घरची हकीगत थोडक्यांत सांगितली पाहिजे, नाहींतर पुढील ऊहापोह वाचकांस निरर्थक वाटेल. आम्ही वाईचे. वडील निवर्तले त्या वेळीं आमचे दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षांत होते. त्यांनीं शिक्षण सोडलें, पाटबंधारे खात्यांत कारकुनी पत्करली, आणि आम्हांस मॅट्रिकपर्यंत शाळेंत व पुढें संस्कृत पाठशाळेंत ठेविलें. आमच्या चिरंजिवांच्या उच्च शिक्षणासाठीं प्रॉव्हिडंट फंडांतून पैसे काढले तेही दादांनींच. तेच चिरंजीव गेलीं सात वर्षें फ्रान्समधील लिओं शहरीं नोकरीस आहेत. यंदा दादांस ७६ वें वर्ष चालू आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविला. गणपतीच्या दिवसांत चिरंजिवांचा फोन आला, तेव्हां ते म्हणाले, “मोठ्या काकांना बर्फ दाखवायचा आहे, आणि तो पुढच्या वर्षावर टाकायचा नाही.” डॉक्टरांनीं दादांस प्रवासाची परवानगी दिली, मात्र मुक्काम हजार-बाराशें मीटर उंचीच्या वर नको, असें बजावलें. दादा व वहिनी, आम्ही व आमचें कुटुंब, पुण्याचा पुतण्या, त्याची पत्नी व अकरावींतील मुलगा, आणि तिकडील चिरंजीव, सूनबाई व आठ वर्षांची नात, अशीं हीं दहा माणसें.

कोणी विचारील कीं, बर्फच पाहावयाचा तर गुलमर्ग काय वाईट होतें? प्रश्न रास्त आहे, आणि घरांत तो प्रथम विचारला गेला. परंतु गुलमर्ग हें गांवच २,६५० मीटर उंचीवर आहे. गढवालांतील औलीचे उतारही अडीच हजार मीटरांच्या पुढें चढतात. दादांच्या डॉक्टरांच्या आज्ञेंत हीं दोन्हीं बसत नाहींत. शिवाय नातीची शाळा लिओंची. फ्रान्समध्यें हिवाळी सुटीसाठीं देशाचे तीन भाग पाडले आहेत आणि प्रत्येक भागास दोन आठवड्यांची सुटी मागें-पुढें देतात, हेतु हा कीं सारा देश एकाच दिवशीं डोंगराकडे धांवूं नये. तेव्हां वेळ नातीच्या शाळेनें ठरविली, देश चिरंजिवांच्या नोकरीनें ठरविला. गांव तेवढें आमच्याकडे उरलें.

आमच्यापुरती आणखी एक गोष्ट होती. तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. कुमारसंभवाचा पहिला सर्ग हिमालयाच्या वर्णनानें उघडतो, हें विद्यार्थ्यांस किती वेळां सांगितलें त्याची गणती नाहीं. परंतु आकाशांतून पडणारें हिम आम्ही स्वतः अद्याप पाहिलेलें नाहीं. फ्रेंच शिकणाऱ्या नातीनें एकदां हिवाळ्यास ‘इव्हेर’ म्हणतात असें सांगितलें, तेव्हां कान टवकारले. हा शब्द लॅटिनमधून आलेला, आणि आपला ‘हिम’ व ‘हेमंत’ हे त्याचे दूरचे भाऊबंद. हिमास त्या भाषेंत ‘नेज’ म्हणतात; त्याचें मूळ आणि आपल्या ‘स्निह्’ धातूचें मूळ कांहीं भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे ‘स्नेह’ आणि तेथील हिम एका घरचीं निघालीं! सांगण्याचें तात्पर्य, आम्ही या कामास उत्साहानें लागलों.

काम हातीं घेतल्यावर प्रथम हें ध्यानांत आलें कीं, फ्रेंच आल्प्समधील स्कीचीं गांवें एका जातीचीं नाहींत. त्यांच्या पिढ्या आहेत, आणि तेथील लोकही त्यांस पिढ्याच म्हणतात. मुळांत हा मुलूख गुराख्यांचा. उंचावरील उन्हाळी कुरणासच तेथें ‘आल्प’ हा शब्द लावतात. उन्हाळ्यांत गुरें वर न्यावयाचीं, थंडीपूर्वीं खालीं आणून गोठ्यांत बांधावयाचीं आणि पुढील चार-पांच महिने घर व गोठा यांतच कोंडून घ्यावयाचें, असा शेंकडों वर्षांचा क्रम. १७८६ सालीं शामोनी गांवच्या दोघां माणसांनीं माँ ब्लाँ हें शिखर प्रथम सर केलें, तेव्हांपासून डोंगर पाहण्यासाठीं परके लोक अधिक येऊं लागले. पण ते उन्हाळ्यांत. लांकडी फळ्या पायांस बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या नॉर्वेहून आली, आणि १९२४ सालीं पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने शामोनीस झाले. तेव्हां ज्या बर्फास गांवकरी इतकीं वर्षें कंटाळले होते, त्याच बर्फावर त्यांचीं घरें चालूं लागलीं.

शामोनी, मजेव्ह यांसारखीं जुनीं गांवें ही पहिली पिढी. चर्च, चौक, बाजार व गोठे आधींपासून होते. स्की मागाहून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, कूर्शव्हेल हें ठिकाण मोकळ्या कुरणावर नव्यानें आंखून वसविलें, ती दुसरी पिढी. पुढें १९६४ पासून फ्रेंच सरकारनेंच डोंगरांत नवीं स्थानकें उभारण्याची मोठी योजना हातीं घेतली, आणि जेथें पूर्वीं वस्तीच नव्हती अशा उंच जागीं दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या. दाराबाहेर पाऊल टाकलें कीं पाय बर्फावर, आणि संध्याकाळीं घसरत घसरत थेट दाराशीं परत, हें या तिसऱ्या पिढीचें ब्रीद. पुढें अशा इमारतींस लोक कंटाळले, तेव्हां १९७६ सालीं वसविलेल्या व्हालमोरेलसारख्या नव्या ठिकाणीं पुन्हां जुन्या खेड्याचा तोंडवळा दिला. एवढें कळल्यावर आमचा प्रश्न सुटसुटीत झाला. उंची घेतली तर बर्फाची खात्री वाढते आणि गांव हरवतें. गांव घेतलें तर माणसांची सोय होते आणि बर्फाची खात्री कमी होते. दोन्हीं पुरतेपणीं देणारें ठिकाण विरळा.

अकरावींतील नातवानें पहिल्याच दिवशीं आपलें मत दिलें: व्हाल तोरांस. त्याचें म्हणणें पोरकट नव्हतें. हें स्थानक २,३०० मीटरांवर आहे. एवढ्या उंचीवर वसलेलें दुसरें स्कीचें स्थानक युरोपांत नाहीं. तीन खोऱ्यांचे मिळून ६०० किलोमीटर उतार एकाच पासावर खुले. बर्फाची खात्री नोव्हेंबरपासून मेपर्यंत. त्यानें कागदावर सर्व आंकडे मांडून आणले होते, आणि आंकड्यांत खोट नव्हती. परंतु आपल्या महाराष्ट्राचा माथा जो कळसूबाई, तो १,६४६ मीटर. त्याच्याही साडेसहाशें मीटर वर दादांनीं सात रात्री काढावयाच्या, हें होण्यासारखें नव्हतें. आणि स्की न खेळणाऱ्यानें तेथें दिवसभर करावयाचें काय? चहूंकडे डोंगर आणि इमारती. झाड म्हणून दिसावयाचें नाहीं, कारण त्या उंचीच्या खालींच अरण्य संपतें.

कूर्शव्हेल तेथील भाव ऐकून आम्हीं सोडून दिलें. लेझार्क या ठिकाणाचा विचार अधिक केला, कारण तेथें आगगाडीनें जातां येतें. बूर-सें-मोरीस स्टेशनावर उतरावयाचें आणि तेथूनच निघणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेनें सात मिनिटांत डोंगरावर. तेथील इमारतींच्या रचनेंत शार्लोत पेरियां या प्रसिद्ध स्त्री वास्तुशिल्पकाराचा मोठा हात होता, म्हणून सूनबाईंचें मन त्या ठिकाणाकडे ओढलें होतें; पण सर्वांत खालची वस्तीही १,६०० मीटरांवर निघाली. आव्होरियाचीही तीच गत. या गांवांत मोटारींस बंदी आहे आणि सामान घोड्यांच्या घसरगाडीवरून नेतात, हें ऐकून नात हरखली. उंची मात्र १,८०० मीटर.

तिन्य या गांवाची हकीगत वेगळी आहे. मूळचें जुनें तिन्य गांव आज पाण्याखालीं आहे. विजेसाठीं धरण बांधलें, आणि १९५२ सालीं गांव जलाशयांत बुडालें. लोकांनीं विरोध केला. शेवटीं पोलिसांनीं त्यांस बाहेर काढलें. स्मशानांतील शवेंसुद्धां उकरून नव्या जागीं पुरावीं लागलीं. आज ज्या तिन्य गांवीं जगांतील लोक स्की खेळावयास जातात तें त्याच्या वर, २,१०० मीटरांवर वसविलेलें नवें स्थानक होय. ही माहिती आम्हीं जेवतांना वाचून दाखविली. दादांनीं नोकरींतील कांहीं वर्षें आमच्या येथील धोम धरणाच्या कामावर काढलेलीं. भरपाईचे कागद त्यांच्या हातून गेलेले. ते ताटावरून न उठतां थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “उंचीचं राहू दे. तिथं मला झोप लागणार नाही.” त्यानंतर तिन्यचें नांव घरांत कोणी काढलें नाहीं.

दादांच्या स्वतःच्या मनांत होतें तें शामोनी, आणि त्याचें कारण स्कीशीं संबद्ध नव्हतें. २४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून निघालेलें एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ विमान जिनीव्हास उतरण्यापूर्वीं माँ ब्लाँवर आदळलें. ११७ माणसें गेलीं; त्यांत डॉक्टर होमी भाभा होते. दादा त्या वेळीं मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होते; शास्त्रज्ञ व्हावयाचें हें त्या वयाच्या हुशार मुलांचें स्वप्न, आणि भाभा त्या स्वप्नाचा चेहरा. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्राचें कात्रण त्यांनीं अजून जपून ठेविलें आहे. त्यापूर्वीं, ३ नोव्हेंबर १९५० रोजीं, ‘मलबार प्रिन्सेस’ हें एअर इंडियाचेंच विमान त्याच पर्वतावर आदळून ४८ माणसें दगावलीं होतीं. तेथील बोसों नांवाची हिमनदी त्या अपघातांचे अवशेष अजून खालीं आणून सोडीत आहे: २०१२ सालीं टपालाची सरकारी पिशवी सांपडली, आणि २०२० सालीं जानेवारी १९६६ मधील भारतीय वर्तमानपत्रें सांपडलीं. इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी त्यांवर वाचतां येत होती. हें सर्व दादांस ठाऊक होतें. शामोनी गांव १,०३५ मीटरांवर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आज्ञेंतही बसतें. परंतु तें दगदगीचें शहर झालें आहे. स्कीचे उतार गांवापासून दूर दूर विखुरलेले, दररोज बसनें जावें लागणार. आणि नवशिक्या माणसांस ते सोपे नाहींत. मुलें एका टोंकाला आणि म्हातारीं दुसऱ्या टोंकाला, असा आठवडा गेला असता. तेव्हां शामोनीस राहावयाचें नाहीं, पण जवळ राहून एक दिवस जावयाचें, असें मनाशीं धरलें.

बर्फाच्या खात्रीचा प्रश्न येथवर बाजूस ठेविला होता. तो टाळतां येत नाहीं. ग्रनोब्लजवळ कोल द पोर्त या जागीं, १,३२५ मीटरांवर, म्हणजे साधारण आमच्या महाबळेश्वराच्या उंचीवर, १९६० पासून बर्फाची जाडी मोजण्याचें केंद्र आहे. तेथें १९६० ते १९९० या तीस हिवाळ्यांची सरासरी व पुढील तीस हिवाळ्यांची सरासरी यांत सुमारे ४० सेंटीमीटरांची घट दिसते. म्हणजे जवळजवळ हातभर बर्फ गेला. २०२३ सालीं ‘नेचर क्लायमेट चेंज’ या मासिकांत युरोपांतील २,२३४ स्कीच्या ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औद्योगिक युगापूर्वीच्या मानानें पृथ्वीचें तापमान दोन अंशांनीं वाढलें, तर यंत्रानें बर्फ तयार केल्यावांचून यांपैकीं ५३ टक्के ठिकाणांस बर्फाच्या तुटवड्याचा फार मोठा धोका आहे, असा त्याचा निष्कर्ष. ज्युरा पर्वतांतील मेताबिएफ या ठिकाणानें तर उतारावरील स्की कालांतरानें बंद करून गांवानें पुढें कशावर जगावें याची आंखणीच सुरू केली आहे.

म्हणजे ज्या खालच्या, जुन्या गांवांत आमच्यासारख्या माणसांस राहणें शक्य आहे, त्यांचाच बर्फ आधीं जाणार. दादांचें वय आणि त्या गांवांचा बर्फ हीं दोन्हीं वाट पाहणारीं नव्हेत, हें त्या रात्रीं आम्हांस स्वच्छ दिसलें. चिरंजीव फोनवर जें एका वाक्यांत बोलले तें दोन्हीं अर्थांनीं खरें होतें.

आतां जेवणाकडे वळूं. आमच्या भगिनी-वाचकांचा जीव येथेंच अडकला असेल. सॅव्हॉय प्रांत चीझचा. रात्रीं पातेलें मध्यें ठेवून वितळलेल्या चीझमध्यें पावाचे तुकडे बुडवून खाणें ही तेथील पंगत. शाकाहारी माणसास हें सोयीचें वाटेल. परंतु रब्लोशों, बोफोर हीं तेथील नांवाजलेलीं चीझें पारंपरिक नियमाप्रमाणें वासराच्या जठरांतून काढलेल्या द्रव्यानें दूध फाडून करतात. वितळलेल्या चीझमध्यें बहुधा वाइनही असते. वहिनी हें खाणार नाहींत, आणि त्यांनीं खावें असा आग्रह करण्याचा कोणास अधिकार नाहीं. तेव्हां हॉटेल बाद. स्वयंपाकघरासह बिऱ्हाड भाड्यानें घ्यावयाचें. अशीं बिऱ्हाडें सुटीच्या दिवसांत शनिवार ते शनिवार याच हिशेबानें मिळतात.

बरोबर काय न्यावयाचें यालाही नियम आहेत. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांस मनाई आहे. म्हणून तूप नाहीं, पेढे नाहींत, खवा नाहीं. ताजा कढीलिंबही नाहीं. नारळास मात्र मोकळीक आहे. डाळी, भाजणी, मेतकूट, पोहे बरोबर नेऊं. तूप तिकडील लोण्याचें सूनबाई घरींच कढवितात, आणि तें उत्तम होतें असा त्यांचा निर्वाळा आहे. उंचीचा येथेंही संबंध आला. २,३०० मीटरांवर पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळतें, म्हणून तेथें उघड्या पातेल्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं. खालच्या गांवीं ती अडचण नाहीं. तरी कुकर न्यावयाचाच, आणि तो तेथील विजेच्या शेगडीवर चालणारा असावा, हें आम्हीं टिपून ठेविलें आहे.

परंतु बिऱ्हाड घेतलें म्हणजे दहा माणसांचा स्वयंपाक आला, आणि तो कोणी करावयाचा हा प्रश्न आला. पुतण्याच्या पत्नीनें हा प्रश्न स्पष्टपणें विचारला, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहों. घरीं जें करावयाचें तेंच साता समुद्रांपलीकडे जाऊन बायकांनीं केलें, तर ती सुटी कोणाची? चर्चेनंतर ठरलें तें असें: सकाळचा चहा व नाश्ता पुरुषांकडे, दुपारीं ज्यानें त्यानें डबा न्यावा, रात्रीचा स्वयंपाक पाळीनें, आणि पाळींत पुरुषही धरावयाचे. आमच्या वांट्यास दोन रात्री आल्या आहेत. पिठलें-भात आम्हांस येतो. दुसऱ्या रात्रींसाठीं आमचें कुटुंब आम्हांस मुगाच्या खिचडीची तालीम देत आहे. वहिनींस त्यांची इच्छा विचारली, तेव्हां त्या म्हणाल्या, “मला एक खिडकी आणि बाहेर बसायला एक बाक मिळालं की पुरे.” साधी मागणी, परंतु स्थानकांच्या जाहिरातींत उतारांचे किलोमीटर असतात, बाकांची गणती कोणी देत नाहीं.

या सर्वांतून आम्हांस एक रीत सुचली, ती सांगतों. अशा निवडींत घरांतील सर्वांत तरबेज माणसाकडे पाहूं नये. ज्याची झेप सर्वांत कमी त्याच्यापासून आरंभ करावा; त्याची सोय झाली कीं मग पुढच्याची, आणि शेवटीं जोरकस माणसाची. जोरकस माणूस पाळण्यांत बसून वर जाऊं शकतो. अशक्त माणसास वरून खालीं आणतां येत नाहीं. या रीतीनें चाळतां चाळतां सामवां हें गांव हातीं लागलें.

सामवां सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. आमची वाईही जवळजवळ तितक्याच उंचीवर; दादांच्या हृदयास घर सोडल्याचें कळणारही नाहीं. गांव पाथरवटांचें. १६५९ सालीं येथील दगडकाम करणाऱ्यांनीं आपली मंडळी स्थापिली, आणि त्यांच्या हातचें काम फ्रान्सभर गेलें. मधल्या चौकांत लिंडनचा एक प्रचंड वृक्ष आहे, तो १४३८ सालीं लावलेला. वहिनींचा बाक आम्ही त्याच्या आसपास धरून चाललों आहों. याच गांवांत १८३८ सालीं जन्मलेली मारी-लुईझ जाय ही मुलगी लहान वयांत पॅरिसला गेली, आणि पुढें पतीसह तिनें ‘सामारितेन’ ही मोठी पेढी नांवारूपास आणली. तिनें १९०६ सालीं आपल्या माहेरगांवास डोंगराच्या उतारावर वनस्पतींची एक बाग बांधून दिली. ती अजून आहे. फेब्रुवारींत झाडें निष्पर्ण असावयाचीं. तरी माहेराची आठवण ठेवणाऱ्या बाईची बाग म्हणून आमच्या घरच्या स्त्रियांस ती पाहावयाची आहे.

स्की कोठें, असें नातू विचारील. त्याचीही सोय आहे. गांवापासून थोड्या अंतरावर पाळणा निघतो, आणि तो सुमारे आठ मिनिटांत १,६०० मीटरांवर नेतो. तेथें नवशिक्यांसाठीं मैदान आहे. तेथून पुढें ग्रां मासीफ म्हणून २६५ किलोमीटर उतारांचें जाळें पसरलें आहे, आणि त्याच्या वरच्या टोंकाचें फ्लेन हें स्थानक मार्सेल ब्रॉयर या नामांकित वास्तुशिल्पकारानें आंखलेलें. सर्वांत वरची जागा अडीच हजार मीटरांच्या आसपास. सहाशें किलोमीटर नव्हेत, हें नातवानें दोनदां ऐकविलें. पण जन्मांत कधीं पायांस स्की न बांधलेल्या मुलास पहिल्या आठवड्यांत २६५ पुरतील, असें त्याच्या बापानें सांगितल्यावर तो हंसला. उतारांस सोप्यापासून कठीणापर्यंत हिरवा, निळा, तांबडा, काळा असे रंग दिलेले असतात. त्यानें हिरव्यापासून आरंभ करावा, शिरस्त्राण घालावें आणि खुणेच्या काठ्यांबाहेर पाऊल टाकूं नये, या अटी त्यानें मान्य केल्या. नातीनें गतवर्षीं ‘फ्लोकों’, म्हणजे हिमकण, ही परीक्षा दिली आहे. यंदा तिला पहिली ‘एत्वाल’, म्हणजे तारा, मिळवावयाचा आहे. बक्षीस घेतांना सर्वांनीं समोर असावें असा तिचा हुकूम आहे, आणि पाळण्यांतून पायीं जाणारांसही वर नेतात म्हणून तो पाळतां येईल. दादांनीं तासाभरासाठीं १,६०० मीटरांवर जाण्यास डॉक्टरांची हरकत नाहीं. मुक्काम तेवढा खालीं.

लिओंहून मोटारीनें दोन-अडीच तास, जिनीव्हाच्या विमानतळावरून सुमारे एक तास, आणि शामोनीही तासाभराच्या वाटेवर. त्या दिशेनें एक दिवस राखून ठेविला आहे. रज्जुमार्गानें ३,८४२ मीटरांवरील एग्वी द मिदीवर कोणी जावयाचें नाहीं. खालूनच बोसों हिमनदी दिसते, आणि दादांस तेवढेंच पाहावयाचें आहे.

या निवडींत उणीव आहे ती झाकून ठेवणें बरें नव्हे. सातशें मीटरांवर फेब्रुवारींत बर्फच असेल याची हमी नाहीं. आठवडाभर पाऊस पडून चौक नुसता ओला असेल, असेंही होऊं शकतें. मग बर्फ पाळण्यांत बसूनच पाहावा लागेल. नातवाच्या मनांत ही टोंचणी आहे, आणि ती चुकीची नाहीं. परंतु वर बर्फ व खालीं माणसें असा आठवडा मिळाला, आणि रात्रीं दहाही ताटें एका टेबलावर मांडलीं गेलीं, तर आमच्या लेखीं प्रवास सुफळ झाला. चिरंजिवांनीं शनिवारपासूनच्या आठवड्याचें भाडें भरून टाकलें आहे. डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च मोटारीस हिवाळी टायर किंवा साखळ्या हव्यात असा तेथील कायदा. ती व्यवस्थाही त्यांनीं केली.

आमच्याकडे राहिलें आहे तें व्हिसाचें काम. फी मोठ्या माणसास ९० युरो. आणि ३०,००० युरोंपर्यंतच्या औषधोपचाराचा विमा सक्तीचा, त्यांत दादांच्या स्टेंटचा स्पष्ट उल्लेख असावा म्हणून आम्हीं विमा कचेरीस दोन पत्रें लिहिलीं. काल दादा अर्ज भरावयास बसले. प्रवासाचा हेतु काय, या रकान्यांत ‘पर्यटन’ आणि ‘कुटुंबीयांची भेट’ असे निरनिराळे चौकोन असतात. दादांनीं चष्मा पुसला, दोन्हीं चौकोन वाचले, दोहोंतही खूण केली, आणि कागद वहिनींपुढें सरकविला.